पोटदुखी, हजेरीपट आणि ऋण प्रबलन

समाजकार्याच्या पहिल्या वर्षाच्या क्षेत्रकार्य अहवालांत 'मुलगा आळशी आहे, त्याला शिक्षणात रस नाही' हे वाक्य इतक्या वेळा येतं की त्याचा रबरी शिक्का करून ठेवावा. गंमत म्हणजे ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मानसशास्त्राच्या पेपरात 'मूलभूत गुणारोपण दोष' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण असतात. माणूस असा वागला की कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीकडे बघायचंच नाही, ही आपली खोड. तिला हे नाव ली रॉस यांनी १९७७ मध्ये दिलं. सगळं पाठ असतं. पण वही उघडली की तोच दोष निळ्या शाईत उमटलेला.

याचं कारण विद्यार्थी बिनडोक असतात असं नाही. (तसं म्हटलं तर तोही गुणारोपण दोषच!) वर्गात या संकल्पना एकेक करून येतात, वस्तीत त्या एकाच घरात, एकाच तासात एकदम समोर येतात. म्हणून इथे एकच केस घेतो आणि संकल्पना तिच्यावर चालवून बघतो. केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, कुणा खऱ्या कुटुंबाची नाही.

मुलगा ११ वर्षांचा, सहावीत, महापालिकेच्या शाळेत. जूनमध्ये रोज यायचा, जुलैच्या अखेरीपासून आठवड्यात दोन-तीन दिवस दांडी. बाई म्हणतात, 'लक्षच नाही त्याचं.' आई चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणते, 'सकाळी पोट दुखतं म्हणतो, मग राहू देते.' वडील नाक्यावर उभे राहतात, मिळेल त्या दिवशी काम. मोठी बहीण अकरावीला. घरात आजी, वडिलांची आई.

आता मानसशास्त्र नुकतंच शिकलेला विद्यार्थी इथे काय लिहील? ऋण प्रबलन. आणि ते सुचणं चांगलंच आहे, फक्त आधी ते नीट समजलेलं हवं. परीक्षेत सर्वाधिक गोंधळ याच जागी होतो, कारण 'ऋण' दिसलं की पोरं शिक्षा समजतात. सोडवायची रीत सोपी आहे. दोन प्रश्न, याच क्रमानं विचारायचे. पहिला: ते वर्तन पुढे वाढलं की कमी झालं? वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. दुसरा: वर्तनानंतर काही मिळालं की काही निघून गेलं? मिळालं तर धन, गेलं तर ऋण. डोकं दुखतं, गोळी घेतली, दुखणं गेलं, पुढच्या वेळी गोळी लवकर घेतली जाते: वाढलं आणि निघून गेलं, म्हणजे ऋण प्रबलन. शिक्षा इथे कुठेच नाही.

आपल्या केसमधल्या घरात हे दोन्ही बाजूंनी चाललेलं दिसतं. मुलगा 'पोट दुखतंय' म्हणतो, शाळा टळते; त्याचं पोट दुखणं पक्कं होतं. आई 'राहा बाबा घरी' म्हणते, कुरकुर थांबते आणि ती सातच्या कामाला वेळेत निघते. तिचं 'राहा' म्हणणंही पक्कं होतं. घराघरांतल्या अशा दुहेरी फेऱ्याचा जेराल्ड पॅटरसन यांनी सविस्तर अभ्यास केला आहे. त्यात आई रोज नमत नाही, कधी नमते कधी नाही. अधूनमधून मिळणारं प्रबलन सगळ्यात चिवट सवय घडवतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे.

इथून विद्यार्थी थेट सल्ल्यावर उडी मारतो: 'आईने लक्ष देऊ नये, मुलाला शाळेत पाठवावे.' म्हणजे विलोपन, वर्तनाला मिळणारं प्रबलन थांबवणं. त्यात नेहमी काय फसतं तेही सांगून ठेवतो. प्रबलन बंद केलं की वर्तन लगेच कमी होत नाही, आधी उसळतं. कुरकुरीचं रडणं होतं, रडण्याचं लोळण. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई थकून नमते आणि मुलाला नवा धडा मिळतो: एवढं लोळलं की काम होतं. म्हणून ही उसळी येणार हे घरच्यांना आधी सांगितलं नसेल, तर विलोपनाचा सल्ला देऊच नये.

पण मुळात इथे तो सल्ला द्यायचा का? सिद्धांत गोष्टीला छान बसला, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. तो खोटा असेल तर काय वेगळं दिसेल, हे विचारायचं आणि ते बघायला जायचं.

सर्वांत आधी डॉक्टर. पोटदुखीमागे जंत, बद्धकोष्ठता, सकाळी उपाशीपोटी चहा, असं काहीही असू शकतं. महापालिकेच्या दवाखान्यात दाखवून झाल्याशिवाय 'मानसिक' हा शब्द वहीत येता कामा नये. दुसरं, शाळेत मार बसतो का, कुणी त्रास देतं का, शौचालय धड आहे का. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, तरी चौकशी करावीच लागते. मुलगा खऱ्या भीतीपासून पळत असेल तर त्याला रेटून शाळेत पाठवणं हा उपचार नाही, अत्याचार आहे.

मग नोंद. दोन आठवडे, रोजची एक ओळ, चार रकाने: आधी काय घडलं (किती वाजता, घरात कोण कोण होतं), मुलगा नेमकं काय म्हणाला किंवा त्याने काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं, आणि दिवसभर तो कुठे होता. आईला वेळ नाही, बहीण लिहू शकते. शेजारी शाळेचा जून ते सप्टेंबरचा हजेरीपट ठेवायचा. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, लोक रोज न लिहिता शनिवारी बसून आठवडाभराचं आठवून लिहितात. म्हणून पहिल्या आठवड्यात मध्येच एकदा जाऊन वही बघावी. दोन, 'काय केलं' या रकान्यात 'नाटक केलं' असं येतं. ते खोडायला लावायचं आणि विचारायचं, 'म्हणजे काय केलं? मी तिथे असते तर मला काय दिसलं असतं?'

आपल्या केसमध्ये नोंदीतून असं निघतं: वडिलांना काम मिळालं नाही, ते घरी राहिले, त्या दिवशी पोट दुखत नाही. वडील कामावर जाणार असले की दुखतं. गणिताचा तास, चाचणी, बाईंची रजा, कशाशीच दांडीचा मेळ बसत नाही. शाळा टाळण्यासाठी पोट दुखत असतं तर वडील घरी आहेत की नाहीत याने फरक का पडावा? म्हणजे ओढ घरात आहे, शाळेपासून पळणं नाही. पुढचा प्रश्न आपोआप येतो: मोठं कुणी नसताना घरात काय असतं?

हे जिनोग्राममध्ये सापडतं. मरे बोवेन यांच्या कुटुंबविचारातून आलेला हा तीन पिढ्यांचा नकाशा. त्याच्या खुणा मोनिका मॅकगोल्ड्रिक आणि रँडी गर्सन यांनी १९८५ मध्ये एकसारख्या केल्या. पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ, वय आत लिहायचं. मृत्यू झाला असेल तर खुणेवर फुली आणि वर्ष. नवरा डावीकडे, बायको उजवीकडे, मध्ये जोडरेषा. वेगळे राहत असतील तर रेषेवर एक तिरपी काट, घटस्फोट असेल तर दोन. मुलं रेषेखाली डावीकडून उजवीकडे, थोरलं आधी. ज्याची केस आहे त्याची खूण दुहेरी रेषेची. एका छताखाली राहणाऱ्यांभोवती तुटक रेषेचा वेढा. कागद मोठा घ्या, निदान ए-थ्री, आणि पेन्सिल वापरा, कारण 'दोन काका' म्हणता म्हणता तिसरा निघतो.

जिनोग्राम घरच्यांसमोर, त्यांच्याबरोबर काढायचा. कॉलेजात परत येऊन आठवून काढलेला शोभेपुरताच. खुणा भरताना कोरडे प्रश्न विचारावे लागतात आणि कोरड्या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात. 'आजींचं वय काय लिहू?' 'असंल सत्तरच्या पुढं.' 'तब्येत?' 'लकवा मारला ना ताई जुलैत. डावी बाजू गेली.' ही बाब तोवर कुणीच बोललेलं नसतं, कारण शाळेची चौकशी चालली होती, आजीची नाही.

आता वेळा जुळवा. आई सातला निघते, बहीण साडेसातला, वडील आठला. मुलाची शाळा दुपारची, साडेबाराची. आई घरी येते दीडला. शौचालय सार्वजनिक, गल्लीच्या टोकाला. साडेबारा ते दीड आजीपाशी कुणी नाही. मुलाला कुणी 'थांब' म्हटलेलं नाही. तो थांबतो, आणि आजीला शौचाला नेतो हे वर्गात कळू नये म्हणून पोटदुखी सांगतो. पोट खरंच दुखतही असेल. काळजी शरीरातून बोलते, आणि ११ वर्षांचं मूल 'मला काळजी वाटते' असं सहसा म्हणत नाही. तेव्हा 'खोटं बोलतो' हा शेराही वहीत नको.

एका तासाची भानगड. 'आळशी' या शब्दाने ती दोन महिने झाकून ठेवलेली असते.

जिनोग्राम नाती दाखवतो, इकोमॅप घराचे बाहेरचे धागे. अ‍ॅन हार्टमन यांनी तो १९७५ मध्ये मांडला. मध्ये मोठं वर्तुळ, त्यात घर. भोवती शाळा, आईची कामाची घरं, नाका, दवाखाना, रेशन दुकान, अंगणवाडी, आशाताई, शेजारी, नातलग, देऊळ, भिशी अशी छोटी वर्तुळं. घट्ट संबंध जाड रेषेने, कमजोर संबंध तुटक रेषेने, ताणाचा संबंध रेषेवर आडव्या काटा मारून. बाणाचं टोक मदत कुठून कुठे जाते ते दाखवतं. विद्यार्थी जाड रेषा मोजतात. मी म्हणेन, रेषा नसलेली वर्तुळं बघा. या घरात दवाखान्याकडे रेषाच नाही: आजीला सरकारी रुग्णालयातून घरी आणलं, त्यानंतर कुणी गेलेलं नाही. आशाताई गल्लीत येते, पण तिला आजीचं माहीत नाही. शेजारीण दिवसभर घरी असते आणि तिच्याशी भिशीचा घट्ट संबंध आहे. काम कुठे करायचं ते कागदावरच दिसतं.

बोलणं आणि ते लिहिणं

मुलाखतीची कौशल्यं पुस्तकात वीस-पंचवीस असतात. पहिल्या सत्रात तीन जमली तरी पुष्कळ.

'का' टाळा. 'तू शाळेत का जात नाहीस?' हा प्रश्न मुलाने आधीच चार माणसांकडून ऐकलेला असतो आणि त्याचं उत्तर तयार असतं: पोट दुखतं. त्याऐवजी 'काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं, ते सांग' असं विचारा. मग वाटेत 'मग?' आणि 'तेव्हा घरी कोण होतं?' एवढंच. दुसरं, थांबा. प्रश्न विचारून पाच-सहा सेकंद गप्प राहणं नवख्याला फार अवघड जातं. तो स्वतःच उत्तर सुचवतो, 'बाई रागावतात म्हणून ना?' आणि मुलगा हो म्हणून मोकळा होतो. तिसरं, ऐकलेलं परत म्हणून दाखवा. आई म्हणाली, 'मी काय काय बघू?' यावर 'बिचाऱ्या तुम्ही' म्हणणं वेगळं, आणि 'सकाळी निघताना जीव दोन्हीकडे ओढला जातो तुमचा, घरी सासूबाई आणि तिकडे कामाची वेळ' म्हणणं वेगळं. पहिल्यावर ती गप्प होते, दुसऱ्यावर पुढे बोलते.

लिहायचं त्याच दिवशी, झोपायच्या आत. समोर बसून वही काढली की लोकांना वाटतं कुठल्यातरी यादीत नाव लिहून घेतायत, आणि बोलणं योजनांकडे वळतं. प्रक्रिया नोंदीच्या, म्हणजे भेट कशी घडत गेली त्याच्या नोंदीच्या, पानाचे तीन रकाने करा: कोण काय म्हणालं ते शब्दशः, तेव्हा मला काय वाटलं, आणि मार्गदर्शकांसाठी मोकळी जागा. मधला रकाना सगळे चोरतात. 'घरात वास येत होता आणि मला लवकर निघायचं होतं' असं लिहायला लाज वाटते, पण प्रश्न घाईत का उरकले याचा उलगडा त्याच ओळीत असतो. आणि दिसलेलं व ताडलेलं वेगळं ठेवा. 'आई उदास आहे' हे ताडलेलं. 'बोलताना आईने दोनदा पदराने डोळे पुसले, चहा मात्र आग्रहाने दिला' हे दिसलेलं. ताडलेलं लिहायला बंदी नाही. त्याच्याआधी 'मला वाटते' एवढं लिहा, आणि कशावरून ते लिहा.

केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबर करायच्या कामाची, चौकट इथे पटकन सांगतो. मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये पुरावा गोळा करून निष्कर्षाकडे जायची शिस्त घालून दिली. हेलन पर्लमन यांचे १९५७ चे चार घटक म्हणजे व्यक्ती, समस्या, ठिकाण आणि प्रक्रिया. विद्यार्थी 'ठिकाण' म्हणजे वस्ती समजतात. ते म्हणजे तुमची संस्था. शाळेच्या प्रकल्पातून गेलेला विद्यार्थी आजीचं फिजिओथेरपीचं बघू शकतो का, की दुसरीकडे पाठवायचं, हे संस्थेच्या कक्षेवर ठरतं. कार्यकर्त्याचं समोरच्या माणसाशी नातं कसं असावं, याची फेलिक्स बीस्टेक यांची सात तत्त्वंही १९५७ चीच.

दोन सिद्धांतांबद्दल मात्र सावध करतो, कारण गरिबीचा विषय आला की हेच दोन बाहेर काढले जातात. एक मास्लोचा पिरॅमिड, माणसाच्या गरजांची पायरीपायरीची उतरंड. त्याच्या १९४३ च्या लेखात त्रिकोण नव्हता, तो नंतर इतरांनी काढला. आणि त्रिकोणावरून 'आधी पोट, मग मान' असा जो अर्थ घेतात तो वस्तीत पहिल्याच आठवड्यात मोडतो: आपल्या मुलाने पोट दुखतं म्हणून आजीची आणि स्वतःची अब्रूच सांभाळली होती. दुसरा सिद्धांत शिकलेल्या हतबलतेचा, सेलिगमन आणि मायर यांचा, १९६७ चा. कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके बसले, मग टाळता येण्याजोगे झटकेही ती निमूट सोसू लागली. 'हे लोक प्रयत्नच करत नाहीत' याला शास्त्राचा मुलामा द्यायला हा प्रयोग सर्रास वापरतात. २०१६ मध्ये त्याच दोघांनी सांगितलं की आपण उलटं समजलो होतो: दीर्घ त्रासात निमूट होणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, आणि शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. समाजकार्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. हतबलता 'काढून टाकायची' भाषा सोडायची आणि घरच्यांच्या हातात खरोखर येईल अशी छोटी गोष्ट शोधायची.

गुप्ततेच्या मर्यादा

'तू सांग, मी कुणाला सांगणार नाही' हे वचन मुलाला कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, किंवा तसं घडेल अशी भीती वाटली, तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं कुणावरही बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. विद्यार्थी असणं ही सूट नाही. मुलाला खोदून विचारू नका, जे सांगितलं ते त्याच्या शब्दांत टिपा आणि त्याच तासाला क्षेत्रकार्य मार्गदर्शकांना फोन करा. सुरुवातीलाच म्हणायचं वाक्य असं: 'कुणी तुझ्याशी वाईट वागतंय किंवा तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल, बाकी आपलं आपल्यात.'

आत्महत्येचा विचार आहे का, हे सरळ विचारावं. विचारल्याने विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे. होकार आला तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं, कीटकनाशक बाजूला करायचं, आणि मार्गदर्शकांना लगेच कळवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे. मुलांसाठी १०९८.

मग करायचं काय

शेजारणीने दुपारचा तो एक तास बसावं, ही आईने स्वतः सुचवलेली गोष्ट. विद्यार्थ्याने ती आधी सुचवली असती तर 'कशाला लोकांना त्रास' म्हणून उडाली असती. आशाताईला आजीच्या घरी आणणं, सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी, घरात कमोडची खुर्ची, अपंगत्वाचा दाखला, ६५ वर्षांवरील निराधारांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत आजी बसतात का ते तहसील कार्यालयात विचारणं, एवढी कामं निघतात. 'संदर्भित केले' असं वहीत लिहून ती होत नाहीत. पहिल्या खेपेला बरोबर जायचं. कुठली खिडकी, किती ते किती, मूळ कागद कोणते आणि झेरॉक्स किती, हे आदल्या दिवशी फोन करून एका चिठ्ठीवर लिहून द्यायचं. नाक्यावरच्या माणसाचा फुकट गेलेला फेरा म्हणजे बुडालेला रोज असतो. शाळेत बाईंना काय आणि किती सांगायचं हे आईला आणि मुलाला विचारून ठरवा. 'घरी आजारपण आहे' एवढं पुरतं, शौचालयाचा तपशील बाईंना नको.

फरक पडला का, हे हजेरीपटावर मोजा. बदलाच्या आधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार, शाळेचे दिवस किती, हजर किती. मधले सणाच्या सुट्ट्यांचे दिवस दोन्हीकडून वगळा. हजेरी वाढली नाही तर आपली दुसरी अटकळही चुकली असं धरून परत रकान्यांकडे.

आणि केस बंद करणं. वार्षिक परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी एके दिवशी यायचा बंद होतो आणि पोरगं पुढच्या आठवड्यात दारात वाट बघतं. आपण मार्चपर्यंतच आहोत हे पहिल्या भेटीतच सांगा, शेवटच्या तीन-चार भेटी राहिल्या की पुन्हा सांगा. शेवटच्या भेटीत जिनोग्राम, इकोमॅप आणि कागदपत्रांच्या प्रती संस्थेच्या फायलीत लावा, पुढच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याला शक्य असेल तर एकदा बरोबर घेऊन जा, आणि आशाताईचा नंबर आईच्या मोबाइलमध्ये सेव्ह झालाय का ते तिच्याकडूनच एकदा लावून बघा.